रंग आणि रंगारी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळविला, ‘नैसर्गिक रंग’. चालक थोडे बुचकळ्यात पडले असावेत. युनियनच्या माणसाचा आणि रंगांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. मी वयाच्या अठराव्या वर्षी, १९८८ साली, सोलापुरात सूत रंगविण्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. शाळा नववीत सुटली होती. त्यामुळे रसायनशास्त्र मी शिकलो ते आधी हातांनी, आणि मग बऱ्याच वर्षांनी सार्वजनिक वाचनालयात, शेजारी शब्दकोश उघडा ठेवून. माझ्या बोलण्यात पंडिताची सफाई नसेल. ती आपण गोड मानून घ्यावी.

प्रारंभ घरातल्याच एका गोष्टीपासून करतो. जेवताना सदऱ्यावर आमटी सांडते. पिवळा डाग पडतो. आपण त्यावर साबण चोळतो, आणि डाग जाण्याऐवजी लालभडक होतो. घाबरून आपण भरपूर पाणी ओततो. डाग पुन्हा पिवळा. सदरा उन्हात वाळत घातला, की संध्याकाळपर्यंत डाग पुष्कळसा उडालेला असतो. हे प्रत्येक घरात घडते. पण असे का होते, हे विचारणारे थोडे. हळदीतला रंग म्हणजे कुरकुमिन नावाचे द्रव्य. साबणातल्या क्षाराशी गाठ पडली की त्याच्या रेणूची ठेवण बदलते आणि तो लाल दिसतो. क्षार धुऊन गेला की तो पूर्ववत होतो. उन्हात तो मोडतो. आपल्या बायाबापड्यांना हे गुण फार पूर्वीपासून ठाऊक होते. हळदीवर टाकणखार आणि लिंबाचा रस यांची प्रक्रिया करून कुंकू करीत, ते याच ज्ञानावर. परीक्षानळी नव्हती, पण प्रयोग होता.

वनस्पतींचे रंग कापडाला कसे धरतात हे पाहिले, तर त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला हळदीचा. हा रंग कापडावर आपण होऊन बसतो. लावायला सोपा आणि उडायलाही सोपा.

दुसरा वर्ग मंजिष्ठाचा आणि आलीचा. आल म्हणजे आपल्याकडच्या बारतोंडीच्या जातीचे झाड. त्याच्या मुळीत तांबडा रंग असतो. ही मुळी उकळून त्यात नुसते सुती कापड बुडविले, तर जो रंग येतो तो धुतल्यावर टिकत नाही. सुताची आणि या रंगाची मुळी ओळखच नसते. ती ओळख करून देणारा मध्यस्थ लागतो. तो म्हणजे तुरटी. तुरटीतले ॲल्युमिनियम एका हाताने धाग्याला धरते आणि दुसऱ्या हाताने रंगाला. पण सूत तुरटीलाही सहजी दाद देत नाही. म्हणून आधी ते हिरड्याच्या पाण्यात भिजवावयाचे. हिरड्यातले तुरट द्रव्य सुतात मुरते आणि तुरटीला धरून ठेवते. हिरडा, मग तुरटी, मग मुळीचा काढा, मधूनमधून ऊन आणि वाहत्या पाण्यात धुलाई. असा कित्येक दिवसांचा तो खटाटोप असे. या मध्यस्थाला शास्त्रीय मराठीत रंगबंधक म्हणतात. मौज अशी, की मध्यस्थ बदलला की रंग बदलतो. मंजिष्ठाला तुरटी दिली तर लाल आणि हिराकस दिली तर जांभळट काळा. हिरडा आणि हिराकस यांची तर काळी शाईच होते.

मोहेंजोदडोच्या उत्खननात सुती कापडाचा एक तुकडा सापडला. तो मंजिष्ठाच्या कुळातल्या रंगाने रंगविलेला आहे. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या उपखंडातला कोणीतरी रंगारी मध्यस्थाची ही युक्ती जाणून होता. त्याने ग्रंथ लिहिला नाही. त्याचे ज्ञान त्याच्या बोटांत होते आणि मुलाच्या बोटांत उतरले. इजिप्तमध्ये फुस्तात येथे गुजरातेतून गेलेल्या छापील कापडाचे शेकडो वर्षांपूर्वीचे तुकडे मिळाले. त्यांचे लाल आणि निळे रंग आजही ओळखू येतात. ही त्या बोटांची साक्ष.

तिसरा वर्ग निळीचा, आणि तो सर्वांत विलक्षण. निळीच्या हिरव्या पाल्यात निळा रंग नसतोच. असते ते इंडिकन नावाचे बिनरंगी द्रव्य. पाला पाण्यात कुजवितात, मग ते पाणी ढवळून त्यात हवा मिसळतात, तेव्हा निळा गाळ तळाशी बसतो. शेकडो किलो पाल्यातून किलोभर नीळ निघते. पण हा गाळ पाण्यात विरघळत नाही, मग सुतात शिरणार कसा? त्यासाठी रांजणात चुना आणि गूळ घालून त्याला आंबवितात. आंबताना नीळ आपला प्राणवायूशी असलेला संबंध सोडते, पिवळसर हिरवी होते आणि विरघळते. सूत त्यात बुडवून बाहेर काढले की ते आधी हिरवट दिसते, आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे. आमच्या कारखान्यात गुळाऐवजी कॉस्टिक आणि हायड्रो असे, एवढाच फरक. अजूनही पाहताना क्षणभर हात थांबतो. दक्षिण अमेरिकेत पेरू देशातल्या वाका प्रिएता येथे सहा हजार वर्षांपूर्वीचे निळीने रंगविलेले सुती तुकडे सापडल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. ज्या लोकांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनी आपापल्या झाडांपाशी बसून हेच कोडे सोडविले. मनुष्याच्या कष्टाळू बुद्धीचा याहून मोठा गौरव कोणता?

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की जुना काळ सोन्याचा होता, आपण निसर्गाकडे परत जावे. बंधूंनो, थोडे थांबा. मी युनियनचा माणूस आहे. कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणाच्या पाठीवरून आली हे विचारण्याची मला खोड आहे.

बंगालमध्ये निळीचे गोरे मळेवाले रयतेला थोडी उचल देत आणि तिच्या बदल्यात चांगल्या जमिनीत नीळ पेरावयास लावीत. दर मळेवाल्याचा, हिशेब मळेवाल्याचा. उचल बापाने घेतली की मुलगाही सुटत नसे. कारखान्यात मजूर हौदात उतरून, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, तासन्‌तास वल्ह्यांनी ते पाणी बडवीत. १८५९ साली रयत उठली. तिने नीळ पेरण्याचे साफ नाकारले. १८६० साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच वर्षी दीनबंधु मित्र यांचे ‘नीलदर्पण’ नाटक निघाले. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल जेम्स लाँग या पाद्र्याला १८६१ साली एक हजार रुपये दंड आणि एक महिन्याची कैद झाली. एका रंगाचे नाव काढल्याबद्दल माणूस तुरुंगात गेला! आणि हा रंग, लक्षात घ्या, शंभर टक्के नैसर्गिक होता.

पुढे बिहारात चंपारण्यात तीनकठिया पद्धत होती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे रयतेने मळेवाल्यासाठी निळीला द्यावयाचे. अशात १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनविलेली नीळ बाजारात आणली. कोणालाही वाटेल, की चला, रयत सुटली. झाले उलटेच. नीळ परवडेना तेव्हा मळेवाले म्हणाले, तुम्हांला निळीतून मोकळे करतो, पण बदल्यात खंड वाढवून द्या, नाहीतर एकरकमी भरपाई द्या. त्या वाढीव खंडाला शरहबेशी आणि भरपाईला तावान म्हणत. शोध लागला जर्मनीत आणि तोट्याची वसुली झाली चंपारण्यात! पहिल्या महायुद्धात जर्मन माल थांबला, भाव चढले, की नीळ पुन्हा रयतेच्या मानेवर. राजकुमार शुक्ल नावाचा एक शेतकरी १९१६ च्या लखनौ काँग्रेसमध्ये गांधीजींच्या मागेच लागला. १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी चंपारण्यात गेले. तेथे त्यांनी प्रथम काय केले? सहकाऱ्यांसह बसून हजारो रयतांच्या जबान्या नावानिशी लिहून घेतल्या. १९१८ च्या कायद्याने तीनकठिया गेली. आम्ही संघटनेची माणसे यातून एक धडा घेतो. अन्याय आधी लिहावा लागतो. नाव, गाव, रक्कम.

आता दुसरी बाजू. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा इंग्रज मुलगा डांबरातून निघालेल्या पदार्थापासून क्विनाइन करावयास गेला आणि हाती जांभळा रंग आला. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मनांनी मंजिष्ठाच्या युरोपी बहिणीतले अलिझरीन प्रयोगशाळेत बनविले, आणि थोड्याच वर्षांत फ्रान्स-हॉलंडमधली तिची शेते ओस पडली. आणि १८८४ साली काँगो रेड नावाचा रंग आला. रंगाऱ्याच्या दृष्टीने मी याला सर्वांत मोठी घटना मानतो. कारण हा रंग सुतावर मध्यस्थाशिवाय बसतो. हिरडा नको, तुरटी नको, ऊन नको. भांड्यात मीठ-पाणी, रंग आणि सूत घाला, उकळा, काढा. या जातीच्या रंगांना आम्ही कारखान्यात ‘डायरेक्ट’ म्हणत असू. शेकडो पिढ्यांनी बोटांत साठविलेले ज्ञान एका डब्याने निरुपयोगी केले. रंगारी होता, त्याचा हेल्पर झाला.

या काँगो रेडची जननी म्हणजे बेंझिडीन. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी जगाला सांगितले, की रंगांच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो आहे. पुढे बेंझिडीन आणि त्याच्या जातीची द्रव्ये यास कारण असल्याचे सिद्ध झाले. ब्रिटनने १९६७ साली बेंझिडीनवर बंदी घातली. जर्मनीने अशी द्रव्ये सोडणारे रंग अंगावरच्या कपड्यांत वापरण्यास मनाई केली ती १९९४ साली, आणि आपल्याकडेही बेंझिडीनपासूनच्या रंगांवर बंदी आली ती त्याच दशकात. कापड नेसणाऱ्याच्या कातडीचा विचार झाला, ही चांगलीच गोष्ट. पण रेनचा इशारा १८९५ चा आणि हा कायदा १९९४ चा. मधली नव्व्याण्णव वर्षे रंगविणाऱ्याचे हात त्याच भांड्यात होते.

आता मला माझ्या कारखान्याबद्दल थोडे सांगू द्या. नाव सांगत नाही. तो केव्हाच बंद पडला. तेथे आमचे एक मिस्त्री होते. तेलुगू बोलणारे, वडीलधारे. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. सुताची लड कढईतून उचलून, उजेडाकडे धरून, ‘अजून दोन चमचे’ असे म्हणत, आणि ते कधी चुकत नसे. पूड हाताने कालवीत. रंग पाण्यात नीट मुरला की नाही हे जिभेला लावून पाहत. आम्हांला हातमोजे मिळाले नाहीत; मागावेत हेही आम्हांला ठाऊक नव्हते. माझ्या लग्नात हळद लागली तेव्हा मावशी म्हणाली, ‘अरे, याच्या हाताला हळद चढतच नाही!’ कोपरापर्यंत लाल-काळे हात. त्यावर पिवळे काय दिसणार? मांडवात सगळे हसले, मीही हसलो.

मी लागल्यानंतर नऊ वर्षांनी मामांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘हे कोणते रंग वापरत होते?’ मी दुसऱ्या दिवशी कोठीत जाऊन डबे पाहिले. डब्यांवर नुसते आकडे. काही डब्यांवरचे कागद खरवडून काढलेले. मुकादम म्हणाला, ‘तुला नावाशी काय करायचंय? लाल तो लाल.’ मामा त्याच वर्षी गेले. त्यांचा रोग त्या पुडीनेच झाला, असे मी आज या व्यासपीठावरून म्हणत नाही. म्हणण्याचा मला अधिकार नाही. कारण ते सिद्ध करावयास जे लागते ते, म्हणजे त्या पुडीचे नाव, आमच्यापाशी नव्हते. माझी तक्रार हीच आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला त्याच्या कामातल्या धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले होते. मी कामाला लागलो त्याच्या आदल्या वर्षी! आम्हांला तो कायदा ठाऊक नव्हता. तो वाचण्यासाठी म्हणून मी वाचनालयाची पायरी चढलो, आणि तेथून युनियनमध्ये आलो.

आता सांगतो, की नैसर्गिक रंगांविषयी मी का बोलतो आहे. हे रंग आज पुन्हा बाजारात आले आहेत. शहरांतल्या दुकानांत निळीचे, डाळिंबाच्या सालीचे, मंजिष्ठाचे कपडे चांगल्या किमतीला विकले जातात. लोण्या-चीजला शेंद्रीच्या बियांचा रंग देतात. मला याचा आनंद आहे. आमच्या सोलापूर जिल्ह्यात डाळिंब अमाप. उकिरड्यावर जाणारी साल सुताला सुंदर पिवळा रंग देते, तर ती वाया का घालवावी? आणि खाण्याच्या पदार्थांत तर निसर्गाचाच रंग बरा. कापडाला लावावयाचा रोडामाइन-बी हा गुलाबी रंग जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’त सापडला, म्हणून २०२४ साली तमिळनाडूत आणि कर्नाटकात बंदी घालावी लागली. कोठीतला रंग मुलांच्या जिभेवर जाणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

पण ‘नैसर्गिक’ या शब्दाने माझे समाधान होत नाही. हरताळ नैसर्गिकच आहे. त्यात सोमल आहे. झाडाच्या रंगाला पक्का करण्यासाठी कोणी मोरचूद किंवा क्रोमचा क्षार वापरतो, ते ओढ्यात गेले तर ओढ्यातल्या माशाला रंग झाडाचा होता याचे काय कौतुक? आणि नीळ कारखान्यातली असो की पाल्यातली, तिचा निळा रेणू एकच आहे. तो कोठे जन्मला यावर त्याचे गुण ठरत नाहीत. माणसाचे हाल ठरतात ते रेणूवर नव्हे, व्यवहारावर.

काही वर्षांपूर्वी मी नैसर्गिक रंगाईच्या एका शेडमध्ये गेलो होतो. दहा-बारा बाया काम करीत होत्या. मालावर चिठ्ठी होती निसर्गस्नेही म्हणून, आणि मोरचुदाच्या पाण्यात हात होते उघडे. दर विचारला, एका ओढणीमागे जे मिळे, ते ऐकून मी गप्प झालो. पण त्यांतल्या एका बाईशी बोललो आणि मला मामा आठवले. रांजणावर तांब्यासारखी झाक दिसते का ते पाहत ती म्हणाली, ‘दादा, रांजण रुसला की वासानं कळतं. मग त्याला गूळ द्यायचा आन्‌ दोन दिवस हात लावायचा नाही.’ कोणत्या महाविद्यालयात तिने हे शिकले? शंभर वर्षांत जे ज्ञान डब्याने हातातून काढून घेतले, ते या बाईच्या हातात परत आलेले मी पाहिले. मात्र त्या ज्ञानाची मजुरी तिच्या हातात आलेली नव्हती.

सारांश असा. मोहेंजोदडोच्या रंगाऱ्यापाशी ज्ञान होते. चंपारण्याच्या रयतेपाशी नीळ होती, पण हक्क नव्हता. आमच्यापाशी मजुरी होती, थोडाफार कायदाही होता. पण भांड्यात काय आहे याचे ज्ञान नव्हते. रंगाचे शास्त्र पुरे होते ते ज्ञान आणि हक्क एकाच हातात येतील तेव्हा. म्हणून नैसर्गिक रंगांच्या या नव्या धंद्याने जुनी चूक पुन्हा करू नये. रंग, रंगबंधक आणि त्यांचे धोके मराठीत, ठळक अक्षरांत, शेडच्या भिंतीवर लिहावेत. बाईच्या दरात कापडाच्या तुकड्याबरोबर तिच्या कसबाचाही हिशेब असावा. सांडपाणी मोकळे सोडू नये. आणि जे जुन्या रंगखात्यांत पंधरा-वीस वर्षे राबले, त्यांची दरवर्षी लघवीची तपासणी व्हावी. हा रोग काम सुटल्यावरही पुष्कळ वर्षांनी उद्भवतो. सभागृहात असे कोणी असतील, तर त्यांनी लाजू नये, उद्याच दवाखान्यात जावे आणि आपण काय काम करीत होतो ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

आणि आपण सर्वांनी, गिऱ्हाईक म्हणून, एवढेच करावे. दुकानदार म्हणाला ‘हा रंग नैसर्गिक आहे’, तर विचारावे, ‘फार छान. कोणी रंगविला?’ त्याला उत्तर येणार नाही. पण दहा जणांनी विचारले, तर तो शोधू लागेल.

माझ्या हातांवरचे रंग आता गेले आहेत. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नात मांडवात मला हळद लावली, ती चांगली पिवळी उठून दिसली. तेव्हा मला मामांचे हात आठवले.